शून्य लावून मिळेल

मी सुतार. लाकडाबद्दल विचारलंत तर संध्याकाळपर्यंत बोलेन. उजेडाबद्दल मला एवढंच ठाऊक, की तो कमी पडला की बोट कापतं. तरी माझ्या दुकानावरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाबद्दल मलाच सांगायला हवं, कारण दुसरं कोणी सांगेल असं वाटत नाही. ज्यांना सांगता आलं असतं त्यांना वेळ नाही. मलाही नसतो, ते पुढे येईलच.

आमच्या गल्लीत त्याला उजेड म्हणतात. हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीमुळे पडलं. तो आणि त्याची ताई, दोघंच राहायचे. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि बायकोने विचारलं तर ताईने तिला असं काही उत्तर दिलं की ती परत त्या वाटेला गेली नाही. ताई टेलिफोन खात्यात होती, म्हणजे बोलणं हा तिचा धंदाच. तो रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतलं एक मोठं मशीन सांभाळायला. रंगाच्या पाण्यातून उजेड सोडायचा आणि किती आरपार गेला, किती आत अडला ते मोजायचं, असं ते मशीन. त्याच्या किमतीत एक घर आलं असतं म्हणे. तीस वर्षं ह्याने दुसरं काही केलं नाही.

रोज संध्याकाळी तो जिना चढला की वरून ताईचा आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा, "काय रे, आज काय उजेड पाडलास?" आता हे माणूस टोमणा म्हणून विचारतं. पण हा पठ्ठ्या खरंच उत्तर द्यायचा! "आज दिवा बदलला, ताई. आता निळ्या बाजूला जरा बरा दिसतोय." खाली मी आणि माझा कारागीर हसून हसून लोळायचो.

मग कारखान्याने नवीन मशीन आणलं, ह्याला घरी बसवलं, आणि त्याच वर्षी ताई गेली. चार दिवस आजारी पडली आणि गेली. त्यानंतर वरून काही ऐकूच येईना. भांडं पडल्याचा आवाज नाही, रेडिओ नाही. बायको म्हणायची, "जाऊन या की जरा वर." मी म्हणायचो, "जातो." तुम्हाला सांगतो, वर्षभर मी तो जिना चढलो नाही.

एक दिवस तोच खाली आला, हातात कागद घेऊन.

"मिस्त्री, एक पेटी हवी होती. दीड वीत लांब, वीतभर रुंद."

"काय ठेवायचंय?"

"उजेड."

"आणि?"

"दुसरं काही नाही. फक्त बाहेरचा उजेड आत येता कामा नये."

"म्हणजे उजेड आत ठेवायचा, आणि उजेडालाच आत येऊ द्यायचं नाही?"

"बरोबर," तो म्हणाला, अगदी गंभीरपणे.

मी पेटी केली. त्याने ती वर नेली आणि तासाभराने परत आणली. झाकणातून किरण येतो म्हणाला. मी दुसरी केली. कोपऱ्यातून येतो. माझा राग नाकावर असतो हे गल्लीत कुणालाही विचारा. माझ्या झाकणाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मी झाकणाला खाच पाडली, खाचेत काळी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवली, आतून बाहेरून काळा रंग दिला आणि स्वतः वर नेऊन आदळली त्याच्यापुढे. त्याने डोक्यावरून काळं कापड घेतलं, पेटी आत घेतली आणि दहा मिनिटं तसाच बसला. मग कापडाच्या आतून म्हणाला, "चालेल."

चालेल! मला वाटलं तीच पेटी त्याच्या टाळक्यात घालावी.

पण त्याने मला बसवलं आणि आतलं सगळं दाखवलं. एका टोकाला बारीक पांढरा दिवा. त्याच्यापुढे दाढीची दोन पाती, एकमेकांना चिकटतील न चिकटतील अशी लावलेली, म्हणजे मधल्या फटीतून उजेडाची एकच रेघ पुढे जाते. मग बोटाएवढी चौकोनी प्लास्टिकची नळी, तिच्यात जे मोजायचं ते पाणी. तिच्यामागे जुन्या डीव्हीडीचा कापलेला तुकडा, तो उजेडाचे रंग वेगळे करतो. आणि शेवटी हरभऱ्याएवढा एक डोळा, तो हव्या त्या रंगाचा उजेड किती उरला ते छोट्या पडद्यावर आकड्यात सांगतो. कारखान्यातल्या त्या घराएवढ्या किमतीच्या मशीनचं काम, आणि ह्यात सगळ्यात महाग काय होतं, तर माझं लाकूड. मी नाव विचारलं तर त्याने स्पेक्ट्रो-अमुकमीटर असं काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, आपण पेटीच म्हणू.

ही पेटी कुणाला हवी होती? तर आमच्या बेकरीवाल्या बाईला. बेकरीच्या मागच्या खोलीत पाचसहा जणांनी एक हौशी प्रयोगशाळा काढली होती. स्वतः बेकरीवाली, तिला पावात घालायच्या यीस्टचं वेड. एक शोभेचे मासे विकणारा, एक नर्स, आणखी दोघं. खरी यंत्रं परवडत नाहीत म्हणून कुणीतरी त्यांना उजेडचं नाव सांगितलं. यीस्ट वाढलं की पाणी गढूळ होतं, गढूळ पाण्यात उजेड अडतो, किती अडला त्यावरून किती वाढलं ते कळतं. एवढंच गणित. मला पटलं ते.

महिनाभराने बेकरीवाली पेटी घेऊन आली, बरोबर मासेवाला आणि नर्स. आकडे वेडेवाकडे येतात म्हणाले. मी तेव्हा वरच होतो, बिजागरी बदलत. उजेडने बघितलं आणि त्याला हसू आलं. त्या चौकोनी नळीच्या दोन बाजू स्वच्छ असतात आणि दोन खरखरीत. ह्यांनी खरखरीत बाजू दिव्याकडे केली होती. त्याने नळी फिरवली, झालं काम. पण तिघं दीड तास बसले. चहा झाला. मासेवाल्याने कुठला मासा कुणाला खातो ते सांगितलं, नर्सने डॉक्टरची नक्कल केली. उजेड हसला. मी तो माणूस असं मोठ्याने हसताना कधी पाहिलाच नव्हता, मला वाटलं त्याला ठसका लागलाय.

जाताना बेकरीवालीने विचारलं, "भाऊ, परत कधी आणू पेटी?"

त्याने रिकाम्या कपांकडे बघितलं. "महिन्याने," म्हणाला. "शून्य लावावं लागतं." तराजूचा काटा आधी शून्यावर आणतात तसं काहीतरी, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मिस्त्री, बेकरीच्या आणि पुढे होतील त्या सगळ्या पेट्यांना मागच्या जाड फळीत एक भोक पाडून द्या. पितळी स्क्रूचं."

"आरपार?"

"नको, अर्धाच इंच."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण लोकांच्या यंत्रात आपण डोकं घालू नये, म्हणून दिलं पाडून.

आणि मग काय! पेट्या वाढत गेल्या. शेवाळ वाढवणारा एक होता, दही लावण्यात गुंतलेली एक बाई होती, दुसऱ्या गावची एक निवृत्त मास्तरीण होती. एकूण आठ पेट्या झाल्या. जिन्याच्या दारावर त्याने स्वतःच्या सुबक अक्षरात पाटी लावली, "शून्य लावून मिळेल. महिन्याचा पहिला शनिवार." माझ्याकडून उरलेल्या फळ्यांचा एक लांब बाक करून घेतला. सहा कप आणले, मग आणखी चार आणले. शुक्रवारीच खोली झाडायचा. शनिवारी सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, छोटा स्क्रूड्रायव्हर खिशाला लावून बसायचा. लोक पेट्या काखेत मारून यायचे. तो एकेक पेटी घ्यायचा, मागचा पितळी स्क्रू कान देऊन हळूहळू फिरवायचा, थांबायचा, आणखी जरासा फिरवायचा आणि म्हणायचा, "लागलं शून्य." तोपर्यंत बाकावर गप्पांना ऊत आलेला असायचा. खाली माझ्या डोक्यावर इतकी पावलं वाजायची की छताची धूळ माझ्या पॉलिशवर पडायची. मी ओरडायचो वर तोंड करून. बरंही वाटायचं, कशाला खोटं बोलू?

रोजच्या वापरासाठी त्याने सगळ्यांना एक शिस्त घालून दिली होती. पेटी चालू केली की आधी नळीत साधं पाणी घालायचं, बटण दाबायचं आणि हिरवा ठिपका येईपर्यंत थांबायचं. ह्याला तो पेटीचं तोंड धुणं म्हणायचा. "तोंड धुतल्याशिवाय तिला कामाला लावायचं नाही," असं सांगायचा आणि लोक हसून तसंच करायचे.

एक दिवस मासेवाल्याची पेटी पडली आणि मागची फळी चिरली. उजेड बाजारात गेला होता, म्हणून मासेवाल्याने ती थेट माझ्याकडे टाकली. फळी बदलायला मी पितळी स्क्रू काढला. भोक मी अर्धाच इंच पाडलेलं, पण पुढे त्याने स्वतः आत तार नेली असेल असं मी धरून चाललो होतो. भोकात बघितलं. काडी घालून बघितली. आत अर्धा इंच भोक आणि त्यापुढे लाकूड. तार नाही, पट्टी नाही, काहीच नाही. तो स्क्रू लाकडात फिरत होता आणि लाकडातच थांबत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला फसवायचं असेल तर खुशाल फसवा, पण सुताराच्या लाकडात खोटं बोलायचं? मी जिना चढलो आणि तो येईपर्यंत त्याच्या दारात बसलो. तो आला. मी तळहातावर स्क्रू धरला.

"हा काय करतो?"

त्याने पिशवी खाली ठेवली. "काही नाही."

"मग शून्य कुठून लागतं?"

"ते रोजच लागतं. साधं पाणी घालून बटण दाबलं, की लागलं."

"म्हणजे ते तोंड धुणं..."

"तेच शून्य."

मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रोज सकाळी प्रत्येक जण आपापल्या हाताने शून्य लावत होता आणि महिन्याला पेटी उचलून ते लावून घ्यायला इथे येत होता.

"अरे, पण का?" मी विचारलं. रागात मी त्याला पहिल्यांदा अरे म्हणालो.

तो बाकावर बसला. "तिने विचारलं, परत कधी आणू. आणू नका, असं माझ्या तोंडातून निघेना. काम नसलं तर कोण कुणाकडे येतं, मिस्त्री? तुम्ही तरी आला होतात का?"

मी खाली आलो. मी नवीन फळी बसवली. नवीन फळीत अर्ध्या इंचाचं भोक पाडलं आणि तो स्क्रू परत पिळला. हो, मी. मीही सामील झालो. कुणाचं नुकसान तर होत नाही ना, असं स्वतःला समजावलं.

नुकसान झालं ते त्या निवृत्त मास्तरणीचं. तीन तास बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन यायची ती. तिच्या गावाबाहेर एक तळं आहे, गावाचं पिण्याचं पाणी तिथलंच. वर्षभरापासून ते हिरवं पडत चाललं होतं आणि वास मारत होता. पाणीखात्याच्या ऑफिसात गेली तर तिथला साहेब म्हणाला, बाई, नुसतं हिरवं दिसतं म्हणून चालत नाही, दोन महिन्यांचे रोजचे आकडे आणा, एकही दिवस गाळलेला नको, मग माणूस पाठवतो. तिने मनावर घेतलं. रोज पहाटे तळ्याचं पाणी आणायचं, पेटीत घालायचं, वहीत आकडा.

आणि नेमका त्याच वेळी उजेड आजारी पडला. छातीत कफ भरला, तीन आठवडे इस्पितळात. पहिला शनिवार गेला. पाटी होती, दाराला कुलूप होतं. बेकरीवाले पेटी झाकून वाट बघत बसले. इस्पितळात मी दोनदा गेलो. तो तापात मला विचारायचा, "कोण आलं होतं का?" मी म्हणायचो, सगळे विचारत होते. बेकरीतली ती नर्स सोडली तर कुणी विचारलं नव्हतं.

तो घरी आला आणि सोमवारी दुपारी मास्तरीणबाई आल्या. मी त्याला भाकरीतुकडा काही हवं का बघायला वर गेलो होतो. बाई थकलेल्या होत्या. पेटी पुढे ठेवली, त्यावर वही ठेवली.

"तुम्ही बरे झालात, फार बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण माझं काम गेलं हो. येत्या बुधवारी आकडे द्यायचे होते. महिना उलटला, शून्य लावलेलं नाही, असे आकडे कसे द्यायचे? साहेबाने विचारलं तर मी खोटं कशी बोलू? बावीस दिवस खोडले मी. आता पुन्हा पहिल्यापासून."

वहीची पानं उघडी होती. बावीस ओळींवर लाल रेघ, पट्टी धरून मारलेली. मास्तरीणच ती, खोडायचं तेही सरळ.

मी उजेडकडे बघितलं. तो वहीकडे बघत होता. मग त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पेटी फिरवली आणि तो स्क्रू फिरवला. थांबला, आणखी जरासा फिरवला. "लागलं शून्य," म्हणाला.

"तुम्ही आहात म्हणून चाललंय सगळं," मास्तरीणबाई म्हणाल्या. चहाही न घेता निघाल्या, चारची बस होती.

खोलीत आम्ही दोघं. मला बोलायचं होतं, माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, पण पुन्हा तो स्क्रू माझ्याच हाताने पिळलेला. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

तो म्हणाला, "तिला सांगितलं तर सगळ्यांना कळेल."

"कळेल."

"मग कुणी येणार नाही."

"कदाचित नाही येणार," मी म्हटलं.

त्याने दोन मिनिटं कपांकडे बघितलं आणि तो उठला. तीन आठवडे अंथरुणावर काढलेला माणूस, चपलाही उलट्यासुलट्या घालून जिना उतरला. मी मागे. स्टँडपर्यंत रस्ताभर तो पळत नव्हता, पण थांबतही नव्हता, आणि खोकत होता. बस सुरू झालेली. मास्तरीणबाई खिडकीत. ह्याने खिडकीची दांडी धरली.

"बाई, स्क्रू खोटा आहे. शून्य तुम्हीच लावत होतात, रोज. तोंड धुणं म्हणजे तेच. तुमचे आकडे बरोबर आहेत."

त्यांना आधी कळेचना. त्याने पुन्हा सांगितलं, ओरडून, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं. "मी खोटं बोललो. लोकांनी माझ्याकडे यावं म्हणून बोललो."

"म्हणजे बावीसही बरोबर?"

"बावीसही."

"सगळे?"

"सगळे."

बाईंचा चेहरा असा खुलला! त्यांनी लगेच वही काढली, पेन काढलं आणि खोडलेल्या ओळींशेजारी "योग्य" असं लिहायला सुरुवात केली. कंडक्टरने घंटा मारली, बस हलली, वर मान करून बघायलाही त्यांना सवड नव्हती. उजेडचा हात दांडीवरून सुटला.

परत येताना तो म्हणाला, "रागावली पण नाही ती."

मी म्हटलं, "सुटलास. देवाचे आभार मान."

त्याने वाकून उलट्या घातलेल्या चपला सरळ केल्या.

त्याच आठवड्यात त्याने सगळ्यांना चिठ्ठ्या पाठवल्या. स्क्रूचं काम नाही, तोंड धुणं हेच शून्य, मी तुम्हाला फसवलं, माफ करा. एवढंच. मला वाटलं होतं आता जिन्यावर भांडणं होणार. मी तर तयारीत होतो, कुणी जास्त बोललं तर मध्ये पडायचं म्हणून. पण बेकरीवालीने एक पाव पाठवला आणि निरोप दिला, "भाऊ, बरं झालं सांगितलंत, गुडघे दुखतात, जिना वाचला." मासेवाल्याने रस्त्यातून हात केला, म्हणाला, "काका, भारी गंमत केलीत!" दहीवालीने आभार मानले. मास्तरीणबाईंचं पत्र आलं, साहेबाने आकडे घेतले, माणूस येणार आहे, तुमचे उपकार विसरणार नाही. एकालाही राग नाही. सगळे खूश.

पहिला शनिवार आला. शुक्रवारी वर खोली झाडल्याचा आवाज मी ऐकला. शनिवारी सकाळपासून मी माझ्या कारागिराला ठोकाठोक करू दिली नाही, वरची पावलं ऐकू यावीत म्हणून. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. एकच माणूस चालत होता, दारापर्यंत आणि परत. गरज सरो, वैद्य मरो! माझं डोकं असं फिरलं. त्या सगळ्यांवर फिरलं, पण ते समोर नव्हते. मग मी जिना चढलो.

तो बाकाच्या टोकाला बसला होता. दहा कप पालथे.

"माणसाने चिडावं तरी," तो मला म्हणाला. "मी वर्षभर खोटं बोललो, मिस्त्री. त्यांनी येऊन मला चार शब्द ऐकवायला नकोत? मी ऐकून घेतले असते. राग असता तर ते आले असते."

मग मी जे तोंड सोडलं! म्हटलं, चार शब्द कशाला, चाळीस ऐक. माझ्या लाकडात खोटं भोक पाडायला लावलंस, लाज नाही वाटली? त्या म्हातारीला तीन तास बसमध्ये बसवलंस, बेकरीवालीला दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढवलास! आणि माझ्या पहिल्या दोन पेट्या परत केल्यास, त्या अजून दुकानात धूळ खात पडल्यात! तो म्हणाला, तुमच्या झाकणातून किरण येत होता हे खरंच आहे. मी म्हटलं, येत नव्हता. तो म्हणाला, येत होता. मी टेबलावर हात आपटला, त्यानेही आपटला. त्याने भांडता भांडताच चहा ठेवला. दीड तास भांडलो आम्ही, शेवटी माझा घसा बसला.

जिन्याशी पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "उद्या येशील का भांडायला?" मला तो पहिल्यांदा एकेरीत बोलला.

"येतो की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मला एका घराच्या चार दरवाजांचं काम आलं. संध्याकाळी चहाच्या वेळी वर बाक सरकल्याचा आवाज झाला. माझ्यासाठीच सरकवला, हे मला कळलं. मी रंधा मारत राहिलो. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. लोकांना नावं ठेवणारा मी, ती गरज सरो म्हण त्यांना लावणारा मी, माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक उरला? बायकोने विचारलं, "गेला होतात का वर?" मी तिच्यावरच खेकसलो. मला लाज वाटत होती, म्हणून खेकसलो.

तिसऱ्या दिवशी दरवाजे अर्धवट टाकून गेलो. त्याने दाढी केली होती. दोन कप सरळ मांडलेले. मी का आलो नाही ते विचारलंच नाही त्याने. खिशातून एक कागद काढला, डोळ्यांवर चष्मा चढवला.

"मी मुद्दे काढून ठेवलेत," म्हणाला.

कागदावर सुबक अक्षरात, आकडे घालून, भांडणाचे नऊ मुद्दे. पहिला, पावसाळी हवेत झाकण फुगतं तो दोष लाकडाचा की सुताराचा. दुसरा, काळ्या रंगाचा एक हात की दोन. आम्ही पहिल्यावर कडाकडा भांडलो. दुसऱ्यावरही भांडलो, आणि तिथे मी हरलो, कारण रंगातलं त्याला जास्त कळतं. मी म्हटलं, "हं, तिसरा काय आहे?"

त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आज दोनच," तो म्हणाला. "एकदम संपवायचे नाहीत."